उजवा खांदा

उजवा खांदा दोन बोटं खाली.
टेप दोनदा लावला, खडू पुसला, पुन्हा लावला.
चाळीस वर्षं लक्ष्मीपुरीत कोट शिवतोय,
खांदे ओळखतो मी :
हमालाचे दोन्हीकडून सपाट,
पैलवानाचे मानेपाशी चढलेले,
कारकुनाचे पुढं ओघळलेले.
हा कुठल्याच मापात बसेना.

"वझं होतं," म्हणाले हवालदार हिंदुराव चौगले.
गिरगावचे, पेन्शनीत आठ वर्षं,
पुतणीच्या लग्नाला कोट हवा, राखी, दोन बटणांचा.
"नळकांडं. अठरा किलो.
आत क्षेपणास्त्र, खांद्यावरनं सुटणारं.
विमान खालनं आलं की त्याच्या बुडाची धग
हुंगत जातंय, कुत्र्यागत."

मी दंडाचं माप लिहिलं. साडेतेरा.

"बॅटरी चालू केली की तीस सेकंद, मास्तर.
तेवढ्यात त्याचं नाक गार हुतंय, जागं हुतंय,
आभाळात ऊब शोधतंय.
घावली की कानाशी गुणगुण,
बरणीत माशी अडकल्यागत.
तीस सेकंदांत सोडा, न्हाईतर बॅटरी मेली.
सूर्याकडं धरायचं न्हाई,
त्याला सूर्य बी विमानच वाटतो.
अन वर बघायच्या आधी मागं बघायचं.
सुटताना मागनं आग निघती,
आपलाच कोणतरी उभा असतोय."

"किती सोडली?"
"एक. चांदमारीत, तरंगत्या दिव्यावर.
किंमत साहेबांनी दोनदा ऐकवली."
"आणि खरोखरची?"

चहावाला पोरगा ग्लास ठेवून गेला.
ग्लासावर साय धरेपर्यंत ते गप्प.

"पहाट हुती. बर्फावर नुकतं उजाडायला लागलेलं.
दरीतनं पंख्याचा आवाज वर आला.
वायरलेस नुसता खरखरतोय.
बॅटरी चालू केली.
नऊला गुणगुण लागली.
जोडीदार लोबो, चंदगडचा, दुर्बिणीत डोळा,
वराडंना, बोलंना.
एकवीस.
बोट घोड्यावर. आपलं का परकं?
सव्वीसला त्यानं कूस बदलली,
पोटाखाली जाळं, जाळ्यात रॉकेलचे डबे
अन आमच्या टपालाचं पोतं.
तीस. गुणगुण विझली.
बॅटरी वाया. रजिस्टरात लिहावं लागलं, कारणासकट.
काय कारण लिहिणार?
'आपलंच होतं' म्हणून लिहिलं.
पोत्यात बायकोचं पत्र हुतं,
म्हस व्याली, रेडी झाली म्हणून."

चहा त्यांनी गारच प्यायला.

अशा खांद्याला आम्ही आतून कापूस भरतो,
बाहेरून दोन्ही सारखे दिसतात.
विचारलं, भरू?
मला वाटलं, नको म्हणतील.
"भरा की. लग्नात फोटू असत्यात," म्हणाले,
आणि दारातून परत येऊन, "थोडाच भरा."

गुरुवारी ट्रायल.
बाह्या नुसत्या टाचलेल्या, पांढरे दोरे लोंबत,
माझ्या तोंडात टाचण्या.
दुपारचं विमान उजळाईवाडीकडं उतरताना
आमच्या पत्र्यावरून गेलं, रोज जातं तसं.
मशीनवरच्या पोरानं मान सुद्धा वर केली नाही.

हवालदारांचा उजवा हात आपसूक वर आला,
नसलेल्या नळकांड्याखाली.
कापसाच्या जागेवरून टाके फाटत गेले,
मी ऐकले, एकेक.
त्यांनी वर पाहिलं नाही.
आधी मान वळवली, मागं.

"मागं कोण हाय?"

तोंडात टाचण्या, बोलता येईना.
मी हात वर केला.

आवाज पंचगंगेच्या बाजूला विरून गेला की कुठं, कळलं नाही.
त्यांनी हात खाली घेतला,
आरशात खांद्याकडं पाहिलं.
"उसवलं वाटतं."
टाचण्या तळहातावर काढून मी म्हटलं,
घालतो पुन्हा, बसा.
ते बसले नाहीत.
सुईत दोरा जाईपर्यंत
माझ्या मागं, दाराकडं बघत राहिले.